दुसरी प्रत नष्ट करावी

४ जून

चिंगे,

अनेक आशीर्वाद. हे पत्र एकटीने वाच आणि वाचून झालं की कुलपात ठेव. स्वरयंत्र काढल्यापासून मला फोन करता येत नाही. मोबाईलवरचे निरोप तुझी वहिनी माझ्याआधी वाचते. आणि कॉम्प्युटरवर तर मी आता खाजगी असं एक अक्षर लिहिणार नाही. का ते सांगतो. घरात पाणी मुरतंय.

जानेवारीत, ऑपरेशनच्या आधी, तू पंधरा दिवस रजा काढून आलीस, मला माइकसमोर बसवलंस आणि माझी सातशे चाळीस वाक्यं माझ्याच आवाजात भरून घेतलीस. गळ्यातला आवाज जाणारच आहे तर कॉम्प्युटरच्या पोटात तरी राहू दे, असं तुझं म्हणणं. त्यासाठी ती दोन हार्ड डिस्कची पेटी आणून बसवलीस. म्हणालीस, "दादा, जे ठेवशील ते एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिलं जाईल. एकीचं प्रतिबिंब दुसरी. एक मेली तरी दुसरी जिवंत. तू बिनघोर जा ऑपरेशनला." मी बिनघोर गेलो.

आता तू येऊन ही वाक्यं बोलत्या प्रोग्रॅमला जोडून देणार, म्हणून परवा मी वाक्यांची वही काढली आणि एकेक वाजवून टिक करत गेलो. चारशेपर्यंत सगळं जागच्या जागी. पुढे काही नाही! तीनशे चाळीस वाक्यं गायब. आणि गेली कुठली बघ. "पाणी दे", "पंखा बंद कर", "इथे दुखतंय" ही पहिल्या चारशेतली, ती सलामत. नंतरची, आपण हसत हसत भरलेली, ती सगळी गेली. माझ्या शिव्या गेल्या, मेव्हण्याला मारायचे टोमणे गेले, आणि सहाशे बारा नंबरचं "अगं, ऐकलंस का?" तेही गेलं. ते तर दोनदा घ्यावं लागलं होतं, कारण तुझ्या वहिनीने स्वयंपाकघरातून तोंड घालून पहिलं बिघडवलं होतं.

आता संशय कोणावर? मेव्हणा दर गुरुवारी येतो आणि तासभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो. पण त्याच्यात एवढी अक्कल नाही. माझा संशय घरातच आहे. मी की-बोर्डवर टाइप करतो आणि त्या प्रोग्रॅममधला कोणी परका माणूस बातम्या वाचल्यासारखा म्हणतो, "अगं, ऐकलंस का?" अडतीस वर्षं या प्रश्नाला घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून एकच उत्तर यायचं, "ऐकलं! बहिरी नाही मी!" आता ओ नाही की ठो नाही. गुपचूप येऊन दारात उभी राहते. एकदा वळून बघितलं तर ती माझ्याकडे नाही, त्या पेटीकडे बघत होती. पेटीवर फडकंही टाकून ठेवते. धूळ बसते म्हणे!

एकतीस वर्षं मी अभिलेखागार सांभाळलं, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. मार्चमध्ये घरी आल्याआल्या हा कॉम्प्युटरही मी झाडून लख्ख केला, दुबार होतं ते काढलं. म्हणजे घोळ माझ्याकडून व्हायला जागाच नाही.

तरी खुलासा करावा. टपालानेच.

तुझा
दादा

१० जून

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र एकटीने वाचलं, कुलपात ठेवलं आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरले. आता निर्धास्त राहा.

दादा, सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी सवय काही जात नाही. वहिनीला त्या कॉम्प्युटरचं चालू करायचं बटणसुद्धा ठाऊक नाही. ती तीनशे चाळीस वाक्यं निवडून कशी पुसेल? आणि का पुसेल? फडकं टाकते म्हणून? ती फ्रिजवरही टाकते.

पण एक गोष्ट मला तेव्हाच नीट सांगायला हवी होती. ती पेटी म्हणजे आरसा आहे, तिजोरी नाही. एक डिस्क बिघडली तर दुसरी वाचवते, एवढंच तिचं काम. तू एखादी फाइल पुसलीस तर ती त्याच क्षणी दोन्हीकडून पुसली जाते. आरशासमोर टिकली काढली तर आरशातली राहील का? आमच्या रुग्णालयात एक्स-रेचे फोटो साठवणारी यंत्रं मी सांभाळते. तिथे असा आरसा असतो, आणि शिवाय एक प्रत वेगळ्या इमारतीतही असते.

आता पोलिसगिरी सोड आणि तीन गोष्टी बघून कळव. पेटीवर दोन दिवे आहेत, दोन्ही हिरवे आहेत का? पेटी कधी कर्कश वाजली होती का? आणि कॉम्प्युटरमधली कचरापेटी उघडून बघितलीस का? पुसलेलं बरेचदा तिथेच पडून असतं.

आणि हो, मार्चमध्ये तू "दुबार" म्हणून जे काढलंस, ते नक्की काय होतं?

तुझी
चिंगी

१५ जून

चिंगे,

आशीर्वाद. मी सुतावरून स्वर्ग गाठतो काय? मग हे वाच.

फडकं उचललं. एक दिवा हिरवा. दुसरा मेलेला. पेटीचं मागचं झाकण उघडलं तर आतल्या दुसऱ्या डिस्कची तार काढलेली! निसटलेली नाही. काढून, नीट घडी घालून, रबरबँड लावून ठेवलेली. या घरात दुधाच्या पिशवीपासून औषधाच्या पुडीपर्यंत प्रत्येक वस्तूला रबरबँड कोण लावतं ते मी तुला सांगायला नको. पुढे ऐक. पेटीला आवाज यायचं जे बारीक भोक आहे त्यात कापूस कोंबलेला आणि वरून चिकटपट्टी. अगदी सफाईने. म्हणजे पेटी बोंब मारत होती आणि तिचं तोंड दाबलं. या घरात आवाज बंद झालेला मी एकटाच नाही तर.

तू म्हणतेस बटण ठाऊक नाही. ज्याला बटण ठाऊक नाही तो तार उपटतो.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. पेटी वाजल्याचं मी ऐकलेलं नाही, कापसातून काय ऐकू येणार! कचरापेटी मी रोज संध्याकाळी रिकामी करतो, ऑफिसची सवय. आणि दुबार म्हणजे तुझीच ती आरशातली प्रत. "आवाज १" आणि "आवाज २" अशी दोन फोल्डर दिसत होती. एक मूळ, एक दुसरी प्रत. आमच्याकडे नियमच होता, मूळ जागेवर आहे याची खात्री झाली की दुसरी प्रत नष्ट करावी, नाहीतर कपाटं भरून वाहतात. शिवाय तुझी पेटी प्रत आपोआप काढतेच. म्हणून दोन नंबरचं काढून टाकलं. त्याचा या चोरीशी काही संबंध नाही.

येत्या रविवारी वायरमनला बोलावलं आहे. ती तार माझ्या देखत जोडून घेतो. दुसरी डिस्क चालू झाली की बघतो चोर कुठे जातो.

दादा

१६ जून

ती. वन्सं यांना,

नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. ह्यांचं तुम्हाला काहीतरी लिहिणं चालू आहे, मला बघितलं की कागद पालथा घालतात. काल पेटी उघडून बसले होते. आता आज ना उद्या कळणारच, म्हणून तुम्हालाच आधी सांगते.

फेब्रुवारीत ह्यांच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आंघोळीला घरी आले. दुपारचे बारा वाजले असतील. दार उघडलं तर आत कोणीतरी किंचाळतंय. ती पेटी. तिचा एक दिवा लाल. मी दोन दिवस डोळ्याला डोळा लावला नव्हता वन्सं, माझ्या पाचावर धारण बसली. वाटलं पेट घेते आता, आणि ह्यांचा सगळा आवाज त्यात. खालच्या वायरमनला हाक मारली. तो म्हणाला, ज्या डिस्कचा दिवा लाल आहे तिची तार काढून ठेवू, बाकी चालू राहील. तार काढली तरी ती थांबेना, मग त्याने भोकात कापूस घातला. रबरबँड माझा.

ह्यांना सांगू कशी? तुमचा आवाज जपून ठेवलाय त्या पेटीत मी हात घातला, असं? ते घरी आले तेव्हा नुसत्या डोळ्यांनी बोलत होते. मी पेटीवर फडकं टाकलं. आज सांगू, उद्या सांगू, करत चार महिने गेले. येताजाता त्या पेटीकडेच लक्ष जातं. वाक्यं गेली म्हणतात ती माझ्याच हाताने गेली असणार.

आणखी एक सांगते, हसू नका. तो कॉम्प्युटरमधला माणूस मला "अगं" म्हणतो ते मला सोसत नाही. परका पुरुष घरात बसून अगं अगं करतोय असं वाटतं. त्याला मी ओ देणार नाही. ह्यांच्या जवळ जाऊन उभी राहते, पण त्याला ओ देणार नाही. ह्यांना वाटतं मी तुटक वागते. वाटू दे.

ह्यांना कळवू नका. हात जोडते.

तुमची
वहिनी

२१ जून, रविवार

श्रीमती चिंगी यांस,

तुम्ही दोघी मिळून हे चालवलं आहे हे आज सिद्ध झालं. उगाच नाही वाक्य नंबर सहाशे बारा गेलं!

सकाळी दहाला वायरमन आला. कॉम्प्युटर बंद केला. कॉम्प्युटर बंद म्हणजे माझं बोलणं बंद, हातात फक्त पाटी आणि खडू. मी पेटीवरचं फडकं काढतो तोच तुझी वहिनी आली, पेटी उचलली, खुर्चीत बसली आणि पेटी मांडीवर घेतली. मी पाटीवर लिहिलं, "दे." म्हणाली, "नाही." लिहिलं, "का?" म्हणाली, "वन्संचा फोन होता शुक्रवारी. जीव गेला तरी तार जोडू द्यायची नाही म्हणाल्या." लिहिलं, "का पण?" म्हणाली, "ते मला कळलं नाही. पण द्यायची नाही." पाटी पुसून लिहायला मला वेळ लागतो, तिच्या तोंडाला लागत नाही. असा सामना कधी जिंकता आलाय का? वायरमन माझ्याकडे बघेना, तिच्याकडे बघेना, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. शेवटी चहा पिऊन गेला.

तासभर ती पेटी घेऊन बसली होती. तिच्या डोळ्यात पाणी होतं. चोराच्या डोळ्यात पाणी येतं हे एकतीस वर्षांच्या नोकरीत मी बघितलेलं आहे, पण आज बरं वाटलं नाही.

घरातल्या घरात माझ्या पाठीमागे फोन चालतात. माझ्या आवाजाचं काय केलंत तुम्ही? लेखी उत्तर हवं.

दादा

२३ जून

प्रिय दादा,

नमस्कार. घे लेखी उत्तर. पाणी पिऊन, खुर्चीत टेकून वाच.

वाक्यं कोणी पुसली ते मला कळलंय. तू पुसलीस.

"आवाज १" आणि "आवाज २" ही मूळ आणि प्रत नव्हती. चारशे वाक्यं झाल्यावर पहिलं फोल्डर फार लांबलं म्हणून चारशे एकपासूनची मी दुसऱ्यात ठेवली. बिघडलेली वाक्यंसुद्धा त्यातच. आरशातली प्रत कधी डोळ्यांना दिसत नाही दादा, ती आतल्या आत असते. तू मार्चमध्ये दोन नंबर पुसलंस, संध्याकाळी कचरापेटी रिकामी केलीस, आणि जूनमध्ये चोर शोधायला निघालास. काखेत कळसा गावाला वळसा.

तुला नुसतं दोषी धरून मी मोकळी होणार नाही. नावं नीट द्यायची अक्कल मला हवी होती. आणि निघायच्या दिवशी सगळ्याची एक वेगळी प्रत माझ्या पिशवीतल्या डिस्कवर घ्यायची ठरवली होती. गाडीची वेळ झाली म्हणून राहू दिलं. तुला म्हटलं "बिनघोर जा." माझ्या रुग्णालयात कोणी असं केलं असतं तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं. तुझं पहिलं पत्र वाचल्यापासून हेच सलत होतं, पण मागच्या पत्रात कबूल करायचा धीर झाला नाही.

आता वहिनीचं. तिने सांगू नका म्हणून हात जोडलेत, तरी सांगते, कारण न सांगणं पाप होईल. तुझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एक डिस्क अडखळली, पेटी किंचाळायला लागली. वहिनी एकटी होती, घाबरली, आणि वायरमनकडून त्या डिस्कची तार काढून घेतली. ही तीच तार. तू तिला तीन आठवडे चोर ठरवतोयस आणि ती चार महिने स्वतःला. पण नीट बघ दादा. त्या दिवशी ती डिस्क आरशातून बाहेर पडली, म्हणजे मार्चमध्ये तू जे पुसलंस ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. फेब्रुवारीपर्यंतचं सगळं तिच्यात जसंच्या तसं असायला हवं. सातशे चाळीसच्या सातशे चाळीस.

म्हणूनच तार जोडू नका म्हटलं. जोडली असती तर पेटीने आजची डिस्क खरी मानली असती आणि जुनीला तिच्यासारखं करून टाकलं असतं. पंधरा मिनिटांत तू तुझा आवाज दुसऱ्यांदा पुसला असतास, तोही वायरमनच्या साक्षीने. तुझं पत्र मला शुक्रवारी मिळालं. तशीच फोनकडे धावले. फोनवर वहिनीला सगळं समजावण्याइतकी मी शुद्धीवर नव्हते.

खोटी आशा लावत नाही. ती डिस्क आधीच अडखळलेली आहे. उघडेलच असं नाही. शनिवारी येते. तोवर पेटीला कोणी शिवू नका. ती वहिनीच्या कपाटात ठेव. तिच्याच.

चिंगी

३ जुलै

चिंगे,

अनेक आशीर्वाद. तू गेल्यावर हे पहिलं पत्र. आता ईमेल करायला हरकत नव्हती, पण कागदाची सवय लागली.

तू शनिवारी आलीस, ती डिस्क तुझ्या यंत्राला लावलीस, आणि ती पाच तास टकटक करत वाचली जात होती तेव्हा मी आणि तुझी वहिनी दोन खुर्च्यांवर दवाखान्यातल्यासारखे बसलो होतो. तुला वाटलं असेल मी डिस्ककडे बघतोय. मी तिच्या हाताकडे बघत होतो. मनगटावर चार रबरबँड होते. माफी मागायला माझ्या वहीत एकही वाक्य नव्हतं. सातशे चाळीस वाक्यं भरताना तेवढं एक सुचलं नाही, एवढा मी हुशार. टाइप करून त्या परक्याच्या तोंडून माफी मागणं मला बरं वाटेना. शेवटी पाटीवर लिहिलं, "चुकलो." ती म्हणाली, "पुसा ते आधी, कोणी बघेल."

सातशे एकोणचाळीस मिळाली. "मेव्हण्याला चहा दे" एवढं एक खराब झालं. देवाला सगळं कळतं.

आता मुख्य गोष्ट. तू सहाशे बारा नंबरला "अगं, ऐकलंस का?" लावून दिलंस. पण फोल्डरमध्ये ती दोन होती, एक चांगलं आणि एक बिघडलेलं, आणि घाईत तू बिघडलेलंच जोडून गेलीस. मला ते माहीत नव्हतं. रविवारी तू निघालीस. सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात, मी इथे. बटणावर बोट ठेवलं आणि दाबवेना. ऑपरेशननंतर तिने माझा आवाज ऐकला नव्हता. तू होतीस तेव्हाही, वाक्यं वाजायला लागली की ती गॅलरीत निघून जायची.

दाबलं. माझ्या आवाजात निघालं, "अगं, ऐकलंस का?" भांड्यांचा आवाज थांबला. मग कॉम्प्युटरमधून, लांबून, स्वयंपाकघरातून यावं तसं, तिचंच, "ऐकलं! बहिरी नाही मी!" आणि त्याच क्षणी, खऱ्या स्वयंपाकघरातून, तेच, त्याच सुरात, "ऐकलं! बहिरी नाही मी!"

दोन्ही एकदम. एक जानेवारीतली, एक सोमवारची. मला कळेना कुठली खरी. मग ती पदराला हात पुसत दारात आली आणि रागावून म्हणाली, "ही दुसरी कोण?"

मी हसलो. माझ्या हसण्याला आता आवाज नाही, पण ती बघत होती. मग ती बसली आणि म्हणाली, "परत लावा." मी लावलं. प्रत्येक वेळी तिने उत्तर दिलं. अकरा वेळा लावलं आम्ही, दूध उतू गेलं.

आता तू विचारशील की बिघडलेलं काढून चांगलं लावून देऊ का. उत्तर लेखी देतो, फाइलला जोडून ठेव. दोन्ही प्रती जतन कराव्यात. कोणतीही नष्ट करू नये.

तुझा
दादा